कारखान्याचा कार्बन, मराठवाड्याचा खडक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : आमच्या डिस्टिलरीत मळी आंबताना टाक्यांमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड सरळ हवेत जातो. तो पकडता येईल का? (एक कामगार, लातूर जिल्हा)

येईल, आणि मराठवाड्यात सुरुवात इथूनच व्हायला हवी. एक लिटर अल्कोहोल तयार होताना साधारण पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. रोज ६० हजार लिटरची डिस्टिलरी असेल तर ४५ टन. शिवाय टाकीतून येणारा हा वायू जवळजवळ शुद्ध असतो, त्यामुळे तो इतर वायूंतून निवडण्याचा मोठा खर्च वाचतो.

टाकी वरून बंद करायची. बाहेर येणारा वायू आधी फेस अडवणाऱ्या सापळ्यातून न्यायचा, मग पाण्याने धुवायचा. अल्कोहोलची वाफ त्या पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी फेकू नये, प्रक्रियेत परत घ्यावं. पुढे दोन टप्प्यांत १६ ते २० बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) दाब, सक्रिय कोळशाचा थर, सुकवणी आणि शेवटी उणे २५ ते ३० अंशांवर थंड करून द्रव.

गडबड बहुतेक वेळा सुरुवातीलाच होते. टाकी भरल्यावर पहिले काही तास आतली हवा बाहेर पडत असते. तेव्हाच लाइन जोडली तर नायट्रोजन आणि ऑक्सिजन वायू थंड करणाऱ्या कंडेन्सरमध्ये अडकतात, द्रव होत नाहीत आणि दाब चढत राहतो. शुद्धता मोजल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडू नये. सापळा लहान पडला तर मळीचा फेस थेट कॉम्प्रेसरपर्यंत पोचतो.

हा वायू शीतपेयांसाठी विकला तर बाटली उघडताच तो हवेत परततो. विक्री जरूर करा, पण तिला साठवण म्हणू नका.

प्रश्न : मग परळीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीतूनही असाच पकडता येईल? (परळी वैजनाथ)

तत्त्वतः हो. पण कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड १२ ते १५ टक्केच असतो. तो अमाइन या रसायनाच्या द्रावणात शोषून, द्रावण सुमारे १२० अंशांना तापवून पुन्हा सोडवावा लागतो. टनामागे साडेतीन ते चार गिगाज्यूल उष्णता लागते. ती टर्बाइनच्या वाफेतूनच घ्यावी लागते, म्हणून वीज पाव भागाच्या आसपास घटते. धुरातला सल्फर डायऑक्साइड आधी काढला नाही तर अमाइन खराब होतं. २५० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला साडेपाच हजार टनांवर वायू सोडतो. एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीने मध्य प्रदेशात विंध्याचलला २०२२ मध्ये वायू पकडण्यासाठी उभा केलेला प्रकल्प दिवसाला २० टनांचा आहे, यावरून उडीचा अंदाज यावा. शीतकरणाचं पाणीही वाढतं, आणि २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावीच परळीचे संच बंद ठेवावे लागले होते.

प्रश्न : काळ्या पाषाणात हा वायू सोडला की त्याचा दगड होतो म्हणे. आपल्याकडे तर सगळीकडे काळा पाषाणच आहे! (औसा)

होतो, आणि ही या विषयातली सगळ्यात आशेची गोष्ट आहे. आइसलँडमध्ये हेल्लिशेइदी इथे २०१२ मध्ये वायू पाण्यात विरघळवून ४०० ते ८०० मीटर खोल बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणातच, सोडला. ते सोड्यासारखं आंबट पाणी खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह बाहेर काढतं. आम्लता उतरली की त्यांचे कार्बोनेट जमतात. दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून अधिक वायू खनिज झाला.

पण त्यासाठी टनाला २५ टनांच्या आसपास पाणी लागतं. वरच्या डिस्टिलरीचे ४५ टन पुरायचे तर रोज अकरा लाख लिटरच्या वर, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभरावर टँकर. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला हे सुचवणं मला पटत नाही.

विहीर खोदताना मांजऱ्या खडक लागतो, त्याच्या पोकळ्यांत पांढरे खडे दिसतात. ते झिओलाइट किंवा कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेट) ही खनिजं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका, फसफसला तर कॅल्साइट. निसर्गाने हीच क्रिया आधी करून ठेवल्याची ती खूण आहे, आणि अडचणही. आपला खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणून बऱ्याच पोकळ्या बुजलेल्या. आइसलँडचा खडक कोवळा आहे.

पाण्याविना, नुसता दाबलेला वायू सोडायचा तर सुमारे ८०० मीटरच्या खाली जावं लागतं. तिथे दाब ७४ बारच्या आणि तापमान ३१ अंशांच्या वर असलं तर वायू दाट होऊन थोड्या जागेत मावतो. अमेरिकेत वॉलुला इथे २०१३ मध्ये सुमारे हजार टन असे सोडले आणि दोन वर्षांनी खडकात कार्बोनेटच्या गाठी सापडल्या. किल्लारीच्या संशोधन बोअरमध्ये मात्र ३३८ मीटरवरच काळा पाषाण संपला, खाली ८ मीटर गाळाचा थर आणि मग ग्रॅनाइटी पाया. जाडी हवी तर पश्चिमेला, सह्याद्रीच्या बाजूला सरकावं लागेल.

जागा कुठलीही निवडा, आधी परिसरातल्या बंद पडलेल्या बोअरची यादी करा. केसिंग (बोअरमधला पाइप) वरच्या मुरमापुरतं असतं, खाली भोक उघडं. खोल बोअर वायूला वर येण्याची वाट बनू शकतो, म्हणून तो तळापासून सिमेंटने भरायला हवा.

प्रश्न : जमिनीत दाबाने वायू सोडून पुन्हा किल्लारीसारखा भूकंप होईल का? (निलंगा)

ही भीती रास्त आहे. खडकातल्या द्रवाचा दाब वाढला की भेगेच्या दोन्ही बाजूंची एकमेकींवरची पकड सैल होते. म्हणून दाब खडक फुटण्याच्या मर्यादेच्या बराच खाली ठेवतात, भूकंपमापक आधीपासून बसवतात आणि ठरलेल्या तीव्रतेचा धक्का आला की पंप थांबवतात. पण ३० सप्टेंबर १९९३ पर्यंत तो भाग स्थिरच मानला जात होता. माझ्या मते किल्लारीचा परिसर साठवणीसाठी निवडूच नये.

प्रश्न : वायू गळला तर? विहिरीत दिवा सोडून कळेल का? (अंबाजोगाई)

दिव्यावर विसंबू नका. हवेत ४ टक्के कार्बन डायऑक्साइड झाला की जिवाला धोका असतो, आणि दिवा त्याहून बराच उशिरा विझतो. हा वायू हवेच्या दीडपट जड, विहिरीच्या आणि आंबवण टाकीच्या तळाशी साचतो. मीटरने मोजा, पंख्याने हवा खेळवा, कमरेला दोर बांधून आणि वर माणूस ठेवूनच उतरा. आत कोणी पडला तर त्याच्यामागे तसंच उतरू नका. एकामागून एक जीव जातात ते यामुळेच.

प्रश्न : शेतकऱ्याला जमिनीत कार्बन साठवता येईल असं काही आहे का? (परभणी)

तुराट्या आणि पऱ्हाट्यांचा कोळसा. मीटरभर खोल, वर रुंद खड्डा घ्या. वाळलेल्या काड्यांना वरून पेटवा आणि वरच्या थरावर पांढरी राख दिसू लागली की पुढचा पातळ थर टाका. शेवटी पाण्याने किंवा ओल्या मातीने पूर्ण विझवा, धग राहिली तर रात्रीत सगळ्याची राख होते. १०० किलोमागे २० ते २५ किलो कोळसा मिळतो. तो चुरून शेणखतात काही आठवडे मुरवा, नाहीतर सुरुवातीला पिकाचं नत्र तोच ओढतो. आपली काळी जमीन मुळात विम्लधर्मी आणि हा कोळसाही तसाच, म्हणून सामू तपासून आधी एका गुंठ्यावर टाका आणि दोन हंगाम तिथला उतारा शेजारच्या गुंठ्याशी ताडून पाहा.