प्रश्न तुमचे : खेळातला वाघ

प्रश्न : संगणकावर 'एज ऑफ एम्पायर्स टू' या राज्य उभारण्याच्या खेळाची डेफिनिटिव्ह एडिशन खेळतो. काही नकाशांवर पहिल्या पाच-सात मिनिटांतच लाकूड तोडणाऱ्या व्हिलेजरला (कामकरी माणसाला) वाघ खाऊन टाकतो. एक माणूस गेला की पुढचं सगळं गणित बिघडतं. काय करावं?
(एक वाचक, ता. चिमूर)

उत्तर : या खेळात वाघाला लांडग्याचंच काम दिलेलं आहे. रानात फिरायचं आणि नजरेच्या टप्प्यात कोणी आलं की धावून जायचं. व्हिलेजरचा जीव 25 असतो. टाऊन सेंटर या मुख्य इमारतीत 'लूम' ही सुधारणा घेतली की तो 40 होतो आणि थोडं चिलखतही मिळतं. लूमला 50 सोनं आणि 25 सेकंद लागतात. तेवढ्याच वेळात एक व्हिलेजर तयार झाला असता, म्हणून बरेच जण लूम पुढच्या युगात जाण्याच्या तोंडावर घेतात. पण लाकडाच्या जागेजवळ वाघ दिसला असेल तर ते आधीच घ्या. एक व्हिलेजर उशिरा येणं परवडतं, हातातला गमावणं परवडत नाही.

चूक बहुतेक वेळा दोन ठिकाणी होते. पहिली म्हणजे झाडी न बघताच लंबर कॅम्प (लाकूड जमा करण्याची इमारत) टाकणं. टेहळणी करणारा स्काउट मेंढ्या शोधत फिरतोच, त्याला कॅम्पच्या मागच्या झाडीतूनही एक फेरी मारायला लावा. दुसरी चूक म्हणजे वाघ दिसताच व्हिलेजरला पळवणं. वाघ पाठलाग करतो आणि पळणारा माणूस उलटा वार करत नाही, नुसता मार खातो. त्यापेक्षा तिथले तिघे-चौघे एकदम वाघावर घाला. शेवटी कोणाचा जीव कमी उरला ते बघून त्याला पुढच्या धोक्यापासून लांब ठेवा, कारण गेलेला जीव आपोआप भरून येत नाही. मेलेल्या वाघाचं अन्न मिळत नाही. रानडुकराचं 340 आणि गेंड्याचं 400 मिळतं, त्यामुळे शिकारीला माणसं लावायची तर तिकडे लावा.

पत्र वाघांच्या मुलखातून, चिमूर तालुक्यातून आलं आहे, म्हणून हेही लिहितो. घोळका करून वाघावर जाणं हा उपाय फक्त पडद्यावरचा आहे. खरा वाघ समोरून धावत येत नाही. तो दबा धरतो, मागून किंवा बाजूने जवळ येतो. मोहफुलं वेचताना आणि तेंदूपत्ता तोडताना माणूस वाकलेला असतो, म्हणून धोका तेव्हा जास्त. सोबतीने जावं, बोलत राहावं, उजाडल्याशिवाय रानात शिरू नये. वाघ दिसला तर त्याला वेढा घालू नये. कोंडीत सापडलेला वाघ उलटतो, आणि जखमी होतो तो वाघाला वाट मोकळी करून देण्याऐवजी फोटो काढायला पुढे सरकलेला माणूस.

प्रश्न : वाघांची पलटण खरंच कुठे होती का? 'टायगर कॅव्हलरी' म्हणजे वाघावर बसून लढणारे का?
(एक वाचक, ता. मूल)

उत्तर : नाही. 'एज ऑफ एम्पायर्स टू'मध्ये 2025 साली 'थ्री किंग्डम्स' हा भाग आला. त्यातल्या वेई राज्याची टायगर कॅव्हलरी म्हणजे घोडेस्वारच. चीनमध्ये निवडक शूर सैनिकांना वाघाचं नाव देण्याची रीत होती. वेई राज्याचा पाया घालणाऱ्या छाव छावच्या खास घोडदळाचं नावच 'वाघ-बिबट स्वार' असं होतं.

'टोटल वॉर : थ्री किंग्डम्स' या दुसऱ्या खेळाच्या 2020 सालच्या 'द फ्युरियस वाइल्ड' या भागात मात्र दक्षिणेच्या राजांसोबत खरेखुरे हत्ती आणि वाघ लढाईत उतरतात. त्याचं मूळ जुन्या चिनी कादंबरीत आहे. तिच्यातला राजा मूलू पांढऱ्या हत्तीवर बसून येतो आणि वाघ-लांडगे शत्रूवर सोडतो. ही कथा आहे, युद्धाचा इतिहास नव्हे.

आपल्याकडे वाघाचं सगळ्यात जास्त वेड टिपू सुलतानाला होतं. त्याच्या शिपायांच्या अंगरख्यांवर वाघाचे पट्टे असत, तोफांची तोंडं वाघाच्या जबड्याची असत. इंग्रज शिपायाला फाडणारा त्याचा लाकडी वाघ 1799 साली श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती लागला, आता तो लंडनच्या संग्रहालयात आहे. दांडा फिरवला की वाघ गुरगुरतो आणि शिपायाचा हात हलतो. एवढं असूनही टिपूने वाघांची तुकडी काही उभी केली नाही, आणि त्याचं कारण वाघाच्या स्वभावातच आहे.

वाघ एकांडा. दोन मोठे नर एका ठिकाणी ठेवले की आधी आपसातच जुंपते. हत्तीला कळपाची आणि हुकूम पाळण्याची सवय लागते, वाघाला लागत नाही. शिवाय खाणं. मोठ्या वाघाला दिवसाला सरासरी 5-6 किलो मांस धरलं तर 50 वाघांना रोजचे 250 ते 300 किलो झाले. हत्तीला वाटेवरचा चारा-पाला चालतो. वाघाच्या वासाने आपलेच घोडे उधळतील ते वेगळंच. म्हणून ज्या खेळात वाघ रांगेत चालतो, तिथे तो मला खोटा वाटतो. रानातला एकटा धोका म्हणूनच तो शोभतो.

प्रश्न : लॅपटॉप जुना आहे, गावात नेट धड चालत नाही. स्वतःच्या मर्जीचा वाघ खेळात घालता येईल का?
(एक वाचक, ता. धारणी)

उत्तर : 'झीरो ए.डी.' हा खेळ घ्या. फुकट आहे, खुला आहे, मौर्यांचं राज्यही त्यात आहे. तालुक्याच्या गावी एकदा उतरवून पेनड्राइव्हवर आणा, पुढे नेट लागत नाही.

प्रत्येक प्राण्याची एक साधी एक्सएमएल फाईल असते. खेळाच्या 'पब्लिक' नावाच्या झिपमधून सिम्युलेशन, टेम्प्लेट्स, गैया या वाटेने वाघाची फाईल काढा. मूळ फाईलला हात लावू नका. 'मॉड्स' (खेळात आपण केलेले बदल) फोल्डरमध्ये आपल्या नावाचं फोल्डर करा, त्यात तीच वाट तशीच तयार करा आणि नक्कल तिथे ठेवा. नाव आणि वाट जुळली की खेळ तुमची फाईल वापरतो. सोबत मॉडचं नाव, आवृत्ती आणि वर्णन लिहिलेली जेसन फाईल हवी. इथेच बहुतेकांचं अडतं. नोटपॅड गुपचूप शेवटी 'टीएक्सटी' जोडतो आणि मॉड यादीत दिसतच नाही. विंडोजमध्ये फाईलचं शेपूट दाखवण्याची सोय चालू करून नाव तपासा. दुसरी अडचण आवृत्तीची. मॉड खेळाच्या ज्या आवृत्तीसाठी आहे असं जेसनमध्ये लिहिलं असेल, ती तुमच्या खेळाच्या आवृत्तीशी जुळली नाही तर मॉड चालू होत नाही.

आता बदल. 'हेल्थ'मध्ये जीव असतो. 'युनिट एआय' कप्प्यात स्वभाव आणि भटकण्याचं अंतर असतं. वाघाच्या फाईलमध्ये हा कप्पा नसेल तर आकडे मूळ साच्यातून येतात, मग कप्पा स्वतः लिहावा लागतो. वेळ मिलिसेकंदांत असतो. 5 सेकंद हवे असतील तर 5000 लिहा, नाहीतर वाघ जागच्या जागी थरथरत राहील. स्वभाव 'व्हायोलंट' असेल तर दिसेल त्यावर तुटून पडतो, 'पॅसिव्ह-डिफेन्सिव्ह' असेल तर छेडल्यावर उलटतो, 'स्किटिश' असेल तर माणूस दिसताच पळतो. मेळघाटात राहणाऱ्याने 'पॅसिव्ह-डिफेन्सिव्ह' ठेवावा, कारण बहुतेक वाघ माणसाला टाळूनच चालतात. भटकण्याचं अंतर मात्र सढळ हाताने वाढवा.

नकाशा 'अ‍ॅटलस' या संपादकात बनवाल तेव्हा वाघ दाटीवाटीने ठेवू नका. भक्ष्य भरपूर असलं तरी एका वाघिणीला साधारण 20 चौरस किलोमीटर रान लागतं, नराला त्याच्या कितीतरी पट. नकाशाच्या एका कोपऱ्यात एक वाघ, आणि त्याच्याभोवती हरणं भरपूर.

प्रश्न : 'एज ऑफ एम्पायर्स टू'मध्ये वाघ आपल्या हुकमात आणता येतो का?
(एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव)

उत्तर : सिनॅरिओ एडिटरमध्ये (स्वतःचा नकाशा आणि प्रसंग बनवायच्या साधनात) येतो. वाघ ठेवताना मालक म्हणून 'गैया' (म्हणजे निसर्ग, कोणाचाच नाही) ऐवजी खेळाडू 1 निवडा, तो सैनिकासारखा हलवता येईल. लढाईत फार टिकणार नाही, म्हणून 'मॉडिफाय अ‍ॅट्रिब्यूट' ट्रिगरने त्याचा जीव आणि हल्ला वाढवून घ्या.