मोतीबिंदू, काचबिंदू आणि रोजची औषधे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या ९ वर्षांच्या मुलाचे डोळे दर उन्हाळ्यात लाल होतात, खूप खाजतात, चिकट तार निघते. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांनी दोन दिवसांत आराम पडला. तेव्हापासून त्रास सुरू झाला की मेडिकलमधून तीच बाटली आणतो. गेले चार महिने तर रोजच घालतो आहोत. आता तो म्हणतो, उन्हात धूसर दिसतं. थेंबांमुळे असेल का?
– एक पालक, जळगाव

उत्तर : असू शकते, आणि यासाठी पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहू नका, याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा. आधी बाटलीवरची बारीक अक्षरे वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लोरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट यांपैकी एक जरी नाव असेल तरी ते स्टेरॉइड आहे. पुष्कळदा ते प्रतिजैविकाबरोबर एकाच बाटलीत असते आणि दुकानात ‘अँटिबायोटिक ड्रॉप’ म्हणूनच मागितले जाते. फसगत होते ती इथेच.

स्टेरॉइडने होणारा मोतीबिंदू भिंगाच्या मागच्या बाजूला, आवरणाला चिकटून, बहुधा मधोमध धरतो. उन्हात बाहुली बारीक होते आणि सगळा प्रकाश नेमका त्या ढगाळ मध्यातूनच आत जातो. म्हणून उन्हात धूसर आणि सावलीत बरे, अशी तक्रार येते.

आम्हाला त्याहून जास्त काळजी वाटते ती काचबिंदूची, म्हणजे डोळ्यातल्या दाबाने नस सुकण्याची. डोळ्यातला दाब साधारण १० ते २१ मि.मी. पारा असतो. स्टेरॉइडचे थेंब काही आठवडे रोज घातले, तर काही जणांचा दाब बराच चढतो, आणि लहान मुलांमध्ये हे लवकर होऊ शकते. दुखत नाही, डोळा लालही होत नाही. उलट खाज थांबल्यामुळे घरच्यांना औषध लागू पडतेय असेच वाटते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करता येते, पण दाबाने सुकलेली डोळ्याची नस पुन्हा जिवंत होत नाही.

जाताना बाटली बरोबर न्या. किती दिवस आणि दिवसातून कितीदा घातले, ते खरे सांगा. डोळ्याचा दाब, बाहुली मोठी करून भिंग आणि नस, या तिन्हींची तपासणी करून घ्या. इतके महिने रोज घातलेले औषध कसे थांबवायचे ते डॉक्टरांना ठरवू द्या. काही वेळा मात्रा हळूहळू उतरवावी लागते, नाहीतर सूज उसळते.

दर उन्हाळ्यात डोळे लाल होऊन खाजणे ही बहुधा ॲलर्जी असते, आणि तिच्यात खरा आधार स्टेरॉइडचा नसतोच. ऋतू सुरू होण्याआधीपासून ओलोपॅटाडीनसारखे ॲलर्जीचे थेंब, स्वच्छ कापडात बर्फ गुंडाळून शेक, बाहेर जाताना टोपी आणि गॉगल, आणि डोळे चोळणे पूर्ण बंद. चोळून चोळून पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) शंकूसारखे पुढे येते, तो आणखी एक आजार. त्रास तीव्र असेल तर सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा टॅक्रोलिमसचे मलम देऊन स्टेरॉइडची गरज कमी करता येते. एखाददुसऱ्या आठवड्यापुरते स्टेरॉइड लागतेही, पण दाब मोजत.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे. प्रोस्टेटसाठी चार वर्षे रात्री टॅमसुलोसिन ०.४ घेतात. मोतीबिंदूचे ऑपरेशन १२ दिवसांवर आहे. शेजारी म्हणतात गोळी आधी बंद करा. करावी का? रक्त पातळ करण्याची गोळीही चालू आहे.
– सातारा

उत्तर : स्वतःहून बंद करू नका. पण सर्जनना आजच फोन करून सांगा.

या औषधाने बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा स्नायू ढिला पडतो. शस्त्रक्रियेत डोळ्यात द्रव फिरू लागला की तो पडदा लाटेसारखा हलतो, छेदातून बाहेर येऊ पाहतो आणि मोठी केलेली बाहुली मध्येच आकसते. २००५ साली अमेरिकेतल्या डेव्हिड चँग आणि जॉन कॅम्पबेल या नेत्रशल्यविशारदांनी याचा टॅमसुलोसिनशी असलेला संबंध दाखवून दिला. गोळी दोन आठवडे थांबवूनही ढिलेपणा जाईलच असे नाही. काही वर्षांपूर्वी गोळी सोडलेल्यांमध्येही तो दिसतो. उलट गोळी थांबवल्यावर लघवी तुंबली तर ऑपरेशनच लांबणीवर पडायचे.

सर्जनना आधी माहीत असले की ते तयारीत राहतात : डोळ्यात फेनिलेफ्रिन (बाहुली मोठी ठेवणारे औषध) सोडणे, पडदा धरून ठेवणारे बारीक हुक किंवा कडे, द्रवाचा वेग कमी ठेवणे. अडचण होते ती माहिती नसताना. सिलोडोसिन, अल्फुझोसिन ही प्रोस्टेटची याच गटातली औषधे घेणाऱ्यांनीही सांगावे. टॅमसुलोसिनच्या मानाने अल्फुझोसिनने हा त्रास कमी होतो. मुतखड्यासाठी काही आठवडे टॅमसुलोसिन घेतली असेल, तर स्त्रियांनीही सांगावे. शिबिरात ऑपरेशन असेल तर गोळ्यांची पाकिटेच पिशवीत घालून न्या. तिथे घाईत विचारायचे राहून जाते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीचेही तसेच. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल बहुतेक वेळा चालूच ठेवतात. वॉरफरिन असेल तर आयएनआरचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा) ताजा अहवाल न्या.

प्रश्न : वय ४२, वजन ४४ किलो. संधिवातासाठी सहा वर्षे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ४०० रोज घेते. याने मोतीबिंदू होतो का?
– लातूर

उत्तर : मोतीबिंदूची भीती या गोळीची नाही, तिच्याबरोबर प्रेडनिसोलोन चालू असेल तर त्याची आहे. या गोळीचा धोका दृष्टिपटलाला, म्हणजे आपण ज्याला डोळ्याचा पडदा म्हणतो त्याला.

तुमचा हिशेब करू. सुरक्षित मर्यादा प्रत्यक्ष वजनाच्या किलोमागे रोज ५ मि.ग्रॅ. म्हणजे ४४ किलोला २२० मि.ग्रॅ. तुम्ही घेता ४००, म्हणजे किलोमागे ९ मि.ग्रॅ. हे बरेच जास्त आहे. गोळी सोडू नका, संधिवात उसळेल; पण वजनाचा आकडा घेऊन संधिवाताच्या डॉक्टरांना लगेच भेटा. २०० ची एक गोळी रोज, असा बदल तुमच्या वजनाला बसतो. क्रिएटिनिनही तपासा, कारण मूत्रपिंड मंद असेल तर औषध शरीरात साचते.

डोळ्यांसाठी दरवर्षी दोन तपासण्या लागतात : पडद्याचा ओसीटी स्कॅन (पडद्याच्या थरांचे प्रकाशाने घेतलेले चित्र) आणि संगणकावरची दृष्टिक्षेत्र चाचणी. मात्रा योग्य असेल आणि इतर धोका नसेल, तर सुरुवातीच्या तपासणीनंतर ही वार्षिक तपासणी पाच वर्षांनी सुरू केली तरी चालते. तुमची मात्रा जास्त आणि सहा वर्षे होऊन गेलेली, तेव्हा याच महिन्यात करा. आशियाई रुग्णांत इजा मध्यबिंदूपासून थोडी दूर सुरू होऊ शकते, म्हणून रुंद क्षेत्राची चाचणीही मागा. अक्षरे नीट वाचता येतात म्हणून निर्धास्त राहू नका. नजरेला कळेपर्यंत झालेली इजा भरून येत नाही.

प्रश्न : दम्याच्या पंपाने मोतीबिंदू होतो म्हणे. बंद करू?
– डोंबिवली

उत्तर : नको. अनियंत्रित दमा जीव घेतो. पंपातल्या स्टेरॉइडने धोका थोडा वाढतो तो मोठ्या मात्रेत, वर्षानुवर्षे घेतल्यास. गोळ्यांपेक्षा पुष्कळच कमी. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) वापरा, नंतर चूळ भरा. मुलाला मास्कने नेब्युलायझर देत असाल तर मास्क नाकाजवळ घट्ट बसवा आणि नंतर चेहरा धुवा, म्हणजे वाफारा डोळ्यांत राहत नाही. वर्षातून एकदा डोळे दाखवा.

प्रश्न : मोतीबिंदू विरघळवणारे थेंब मिळतात. घ्यावेत का?
– पणजी

उत्तर : नाही. एकदा धरलेला मोतीबिंदू साफ करतात असे सिद्ध झालेले थेंब आज कोणतेही नाहीत. मध, गुलाबपाणी किंवा कांद्याचा रस तर अजिबात घालू नका. त्यातून जंतुसंसर्ग होऊन पारपटलावर फूल पडते, आणि मग मोतीबिंदू काढूनही नजर अंधुकच राहते.