अंगमेहनतीनंतर नुसतं पडून राहण्यात एवढं सुख का वाटतं?

कारण मेहनतीने शरीराची रसायनंच बदललेली असतात. बराच वेळ दम लागेल असं काम केलं की रक्तात आनंदामाइडसारखी, शरीरातच तयार होणारी आणि मनाला सुखावणारी द्रव्यं वाढतात. श्रेय नेहमी एंडॉर्फिनला, म्हणजे शरीराच्याच वेदनाशामकाला मिळतं, पण ते रक्तातून मेंदूत सहसा शिरत नाही. थांबलात की ठोके उतरतात, श्वास संथ होतो, वाळणारा घाम अंगातली उष्णता घेऊन जातो.

नागपूरकरांना हे मार्चमध्ये कळतं. माळ्यावरून कूलर उतरवा, टाकीतला गंज घासा, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवा, अख्खं धूड स्टँडवर चढवा. मग पंप सुरू होतो, ओल्या वाळ्याचा पहिला झोत येतो आणि तुम्ही फरशीवर पाठ टेकता. त्या वेळी कोणी चहालाही हाक मारू नये! इथली हवा कोरडी, म्हणून घाम झटकन वाळतो; दमट मुंबईत ही मजा निम्मीच.

मात्र धावून किंवा सायकल चालवून आलात तर एकदम थांबून उभे राहू नका, आधी पाचेक मिनिटं चाला. एकदम थांबलं की रक्त पायांत साचून चक्कर येऊ शकते. आणि मे महिन्यात असली कामं सकाळीच उरका, दुपारच्या पंचेचाळीस अंशांत नको.