तेलाचं नंतर बघू, बाबांची थांबवलेली गोळी आधी

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की देवगडकडे आई-बाबा दोघंच असतात. शिबिरात बाबांचं बीपी १६४/१०० निघालं, दोन महिने गोळी चालली, मग ‘नॉर्मल आलं’ म्हणून थांबवली. आई मिश्री लावते. गेल्या वर्षी काका हार्ट अटॅकने गेले म्हणून तुम्ही धास्तावलात, आणि विचारताय की घरात शेंगदाणा तेल ठेवावं, राईस ब्रान की घाण्याचं खोबरेल. वरच्या सगळ्या उत्तरांत तेलावरच चर्चा चाललीय. माझी नजर मात्र ‘थांबवली’ या शब्दावर अडकली. आमच्या घरीही हेच झालं होतं आणि त्याची किंमत फार मोठी पडली, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. गोळीचं नाव आणि डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. चालणं, वजन, साखरेची तपासणी हे तुम्हाला ठाऊक असणार, ते इथे उगाळत नाही.

बीपी नॉर्मल आलं ते गोळीमुळे. ते बरं झालेलं नसतं, धरून ठेवलेलं असतं. फसगत कशी होते ते नीट समजून घ्या. बहुतेकांना सुरुवातीला अम्लोडिपिन देतात. हे औषध शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. गोळी बंद करून तीन-चार दिवसांनी मोजलं तरी आकडा ठीकच दिसतो आणि घरात म्हणतात, ‘बघा, गोळीशिवाय पण ठीक आहे.’ मग कोणी मोजतच नाही, आणि पुढच्या आठवड्यांत आकडा गुपचूप जुन्या जागी जातो. दुसरी फसगत ऋतूची. उन्हाळ्यात रक्तवाहिन्या सैलावतात, घामावाटे मीठ-पाणी जातं, त्यामुळे बीपी थोडं खाली असतं आणि थंडीत चढतं. आपल्याकडे चाकरमानी मे महिन्यात गावी येतात, तेव्हाच आई-बाबांना दवाखान्यात नेतात, तेव्हाच्या आकड्यावर गोळी कमी होते, आणि डिसेंबर-जानेवारीत कोणी जवळ नसतं. डोस कमी-जास्त करायचाच असेल तर डॉक्टरांना दोन्ही ऋतूंतले आकडे दाखवा.

गोळी सुटण्याचं तिसरं कारण पायावरची सूज. अम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांवर सूज येते आणि ‘किडनी खराब होतेय’ या भीतीने गोळी सुटते. सूज आली तर डॉक्टरांना सांगा, ते डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. आपणहून थांबवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता ज्याचा मला अजून राग येतो ते. आमच्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात दर खेपेला दहाच दिवसांच्या गोळ्या हातावर ठेवत. महिन्याला तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी एसटी, रांग आणि बुडालेली मजुरी. पावसात साकवावरून पाणी गेलं की ती फेरी चुकणार, आणि एक चुकली की पुढची आपोआप चुकते. वर ‘या वयात एवढं असायचंच’ हे वाक्य. साठीच्या आसपास १६० असणं नेहमीचं असेल, पण निरोगी नाही. वाढलेल्या दाबाने हृदयाची भिंत जाड होते, मेंदूच्या बारीक वाहिन्या झिजतात, आणि त्या माणसाला काहीही जाणवत नाही. तुम्ही मात्र गप्प बसू नका. २०१७ साली सुरू झालेल्या ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ या सरकारी बीपी-नियंत्रण कार्यक्रमात महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत तुमचा सिंधुदुर्ग होता. एकदम ३० दिवसांच्या गोळ्या, ठरलेली मोजकी औषधं आणि रुग्णाच्या नावाचं कार्ड ही त्यातली मुख्य सूत्रं. तेव्हा ‘महिन्याच्या द्या’ असं स्पष्ट मागा, कार्डावर नोंद करून घ्या. नाही मिळालं तर जनऔषधी केंद्रात याच गोळ्या स्वस्तात मिळतात. मुंबईहून येताना तीन महिन्यांच्या आणून ठेवता येतात. फक्त एक्स्पायरी बघा आणि चुलीजवळच्या फळीवर ठेवू नका.

मोजायचं कसं, कारण इथेही चुका होतात. दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, लहान पडला तर आकडा उगाच जास्त दाखवतो. चहा, तंबाखू किंवा मिश्रीनंतर अर्धा तास थांबा. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर छातीच्या उंचीला हवा, खाली लोंबकळता असेल तर आकडा फुगतो. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, सलग सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर ते बीपीच. शिबिरात रांगेत उभं राहून आलेल्या एका आकड्यावर गोळी सुरूही करू नये आणि बंद तर मुळीच नाही.

हल्ली फोनवर बघून बाबा म्हणतील की लसणाने बीपी उतरतं. लसूण खुशाल खा, गोळीसोबत. आणि लावणीत कंबर धरली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा असिक्लोफेनॅक ही दुखणं थांबवणारी गोळी आणून आठवडाभर खायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. या गोळ्या बीपी वाढवतात, बीपीच्या औषधाचा जोर कमी करतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. हे बाबांना सांगाच.

आता मीठ. तेलाऐवजी इथे डोकं लावा. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी म्हणते, म्हणजे एक सपाट चमचा, सगळं धरून. घरचा हिशेब सोपा आहे: मिठाचा एक किलोचा पुडा फोडला की त्यावर तारीख घाला. चार माणसांच्या घरात तो २५ दिवसांत संपला तर माणशी रोज १० ग्रॅम जातंय. तुमच्या घरी दोघंच, म्हणजे त्यांचा पुडा शंभर दिवस तरी पुरला पाहिजे. आणि यात आगोटीचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या पदार्थांतलं, मीठ धरलेलंच नाही. जूनपासून मासेमारी बंद झाली की खारा बांगडा, लोणचं, पापड, सांडगी मिरची, खारातली कैरी हे सगळं एकदम ताटात येतं, म्हणजे पावसाळ्यात मीठ वाढतं आणि चालणं कमी होतं. सुकी मासळी सोडा असं मी म्हणणार नाही, कोकणातल्या घरात ते कोणी ऐकणारही नाही. पण नुसता उन्हात वाळवलेला बोंबील आणि मिठात मुरवलेला बांगडा यांत फार फरक आहे. विकत घेताना कण तोडून चाखा. खारा असेल तर कोमट पाण्यात अर्धा-अर्धा तास दोन-तीनदा भिजवून प्रत्येक वेळी पाणी टाकून द्या, आणि कालवणात वेगळं मीठ घालू नका. आगळात, म्हणजे कोकमाच्या रसात, मीठ असतंच, सोलकढीत वरून आणखी कशाला? महिनाभरात जिभेला सवय होते.

बाजारातलं ‘लो सोडियम’ मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड अधू असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. शहाळ्याचं पाणीही अशा माणसाने रोज दोन-तीन पिऊ नये. रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियम एकदा तपासून घ्या.

तुमच्या आईची मिश्री ‘नुसती दात घासायला’ नसते. भाजलेल्या तंबाखूतलं निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं, ठोके आणि दाब वाढवतं. घरात तिला कोणी व्यसन म्हणत नाही, म्हणून कोणी सोडायलाही सांगत नाही. १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे. आईला ओरडू नका, सोबत बसून फोन लावून द्या. बाबा ‘दिवसाला एकच बिडी’वाले असतील तर हेही सांगा: रोज एकच सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा जास्तीचा धोका वीस ओढणाऱ्याच्या निम्म्याच्या आसपास असतो, विसावा भाग नव्हे. बिडीला त्यातून सूट नाही.

पर्यावरणाचा धोका म्हटलं की लोकांना दिल्ली आठवते. आपल्याकडे तो न्हाणीघरात आहे. स्वयंपाकाला गॅस आला तरी आंघोळीचं पाणी चुलीवरच तापतं, त्यात झावळ्या, नारळाची सोडणं, करवंट्या, ओली लाकडं आणि पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी. या धुराचे बारीक कण फुप्फुसातून पुढे जाऊन रक्तवाहिन्यांना सूज आणतात, गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढवतात, आणि कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा अडवतो. घरातल्या धुराने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ३२ टक्के हृदयविकाराचे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चूल बंद होत नसेल तर ती भिंतीबाहेर मोकळ्या पडवीत न्या, लाकूड पावसाआधी कोरडं करून माळ्यावर टाका, प्लॅस्टिक आणि काजूची टरफलं अजिबात जाळू नका, आणि पेटल्यावर आईने फुंकणी घेऊन समोर बसू नये. छपराला सावली नसेल तर सोलर हीटर आठ महिने काम देतो. भाजावळीच्या, म्हणजे शेत भाजण्याच्या, दिवसांत बाबांनी वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं राहू नये.

तेलाचं उत्तर देऊन टाकते: शेंगदाणा किंवा राईस ब्रान, दोघांना महिन्याला एक लिटरच्या आत. खोबरेल रोजच्या फोडणीला नको, ते एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतं. वाटपातल्या ओल्या खोबऱ्याची मला तेवढी चिंता वाटत नाही, बेकरीतल्या खारी-बटरची जास्त वाटते. ताजी तारली, बांगडा कालवणात खा, रवा लावून तळून नको.

एक काम याच आठवड्यात करा. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर ‘गॅस झालाय’ म्हणत ओवा चघळत बसायचं नाही, १०८ लावायचा. आणि आधीच चौकशी करून ठेवा की घराजवळ रात्री ईसीजी कुठे निघतो आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन कोणत्या रुग्णालयात ठेवतात. अँजिओप्लास्टीला गोवा किंवा कोल्हापूर गाठायला दोन तासांपेक्षा जास्त लागणार असतील, तर ते इंजेक्शन आधी मिळणं महत्त्वाचं असतं. ईसीजीच्या आणि इंजेक्शनच्या ठिकाणांचे नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, शेजाऱ्यांनाही द्या.

बाबांचे सात दिवसांचे आकडे आले की इथेच टाका, सकाळचे आणि संध्याकाळचे वेगळे. सरासरी काढून देते, ती घेऊन डॉक्टरांकडे जा.