टाळूवरचा काळा डाग मिश्रीचा म्हणून सोडू नका

प्रश्न : मॅडम नमस्कार, आम्ही अंबाजोगाईजवळच्या खेड्यातले. आईचं वय ६१, लग्न झाल्यापासून मिश्री लावते, वर कवळी आहे. दिवाळीत कवळी धुवायला काढली तेव्हा टाळूवर उजव्या बाजूला काळा डाग दिसला, तेव्हा ज्वारीच्या दाण्याएवढा होता आता चिंचोक्याएवढा झालाय. दुखत नाही, पण कवळी नीट बसेना आणि दोनदा रक्त लागलं. दातांच्या डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली तर आई नको म्हणायली, भाऊबंद म्हणायलेत की चिरलं की कॅन्सर पसरतो, मिश्रीचाच डाग आहे. काय करावं?

उत्तर : ताई, बायोप्सी करा, याच आठवड्यात करा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

मिश्रीचा काळेपणा बोट फिरतं तिथे असतो, दातांवर, हिरड्यांवर, दोन्हीकडे पसरलेला. एकाच बाजूला, कवळीखाली, तीन-चार महिन्यांत वाढलेला आणि रक्त येणारा डाग तसा नसतो. चांदी भरलेल्या दाताशेजारी पण कधी निळसर-काळा ठिपका पडतो पण तो वर्षानुवर्षं तेवढाच राहतो. पत्रावरून निदान मी करणार नाही, पण अशा डागात जो आजार आधी वगळायचा असतो तो म्हणजे म्यूकोसल मेलॅनोमा. गालात गुटख्या-तंबाखूने होणारा जो कॅन्सर आपण गावोगावी बघतो तो वेगळा, हा तोंडाच्या अस्तरातल्या रंग तयार करणाऱ्या पेशींचा, फार विरळा, आणि तोंडात झाला तर जास्त करून टाळूवर नाहीतर वरच्या हिरडीवर होतो. तंबाखूने होतो असं सिद्ध झालेलं नाही, म्हणून "तुझ्या मिश्रीनंच झालं" असं घरात कुणी आईला बोलू नका प्लीज. मिश्री मात्र सोडायलाच हवी, तिचे बाकीचे धोके आहेतच.

सुरुवातीला दुखत नाही म्हणूनच लोक उशिरा येतात. चिरल्याने पसरतो ही भीती मी रोज ऐकते आणि रोज सांगते की बायोप्सीने पसरत नाही, वाट बघण्यात पसरतो. हा आजार इतका आक्रमक मानतात की याच्या स्टेजिंगमध्ये, म्हणजे आजार किती पुढे गेलाय ते ठरवताना, टी-१, टी-२ या गाठीच्या सुरुवातीच्या पायऱ्या नसतंच, छोटी गाठसुद्धा थेट टी-३ धरतात.

बायोप्सीत जागा बधिर करून तपासायला छोटा तुकडा घेतात, एखाददुसरा टाका. नुसत्या साध्या स्लाइडवर कधी कधी कळत नाही, विशेषतः रंग कमी असेल तर (काही मेलॅनोमा काळे नसतातच, लालसर दिसतात). मग इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणजे त्याच तुकड्यावर पेशींचा प्रकार ओळखायची खास तपासणी करतात, एस-१००, एचएमबी-४५, मेलॅन-ए अशी नावं रिपोर्टमध्ये दिसतील, घाबरू नका, त्या पेशी ओळखायच्या खुणा आहेत. मेलॅनोमा निघालाच तर तळपाय, नखं, डोळे, सगळी त्वचा बघावी लागते, कारण दुसरीकडून तोंडात आलेला नाही ना हे ठरवायचं असतं. मग मानेच्या गाठी, सीटी किंवा एमआरआय, बऱ्याचदा पेट (PET) स्कॅन, म्हणजे आजार अंगात कुठे पसरलाय का ते बघायचा स्कॅन, आणि ट्यूमरची केआयटी जीनची टेस्ट, कारण त्यात बदल सापडला तर काही पेशंटना त्यावरची गोळी देता येते. मुख्य उपचार ऑपरेशनच.

अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ शासकीय मेडिकल कॉलेज तुम्हाला जवळ आहे, तिथे दाखवा. पुढे लागलं तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, महात्मा फुले योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला, विचारा.

जायच्या आधी डागाचा टॉर्च लावून फोटो काढा, दिवाळीतला असेल तर तोही दाखवा, वाढ किती झाली ते डॉक्टरांना लगेच दिसेल. कवळी तोवर काढूनच ठेवा. आणि रिपोर्ट घेताना नुसता कागद घेऊन येऊ नका, मेणाचा ब्लॉक (घेतलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात तो) आणि स्लाइडपण मागून घ्या, मोठ्या हॉस्पिटलात तेच परत तपासतात आणि ते नसेल तर आईला पुन्हा तुकडा द्यावा लागेल.