लेकीच्या नेमासाठी स्कोप घेऊ का?

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये स्वप्निल कुसाळेचं पदक टीव्हीवर बघितलं आणि तिनं रायफलीचा हट्टच धरला. आता आठवड्यातून तीन दिवस कोल्हापूरला सरावाला जाते, तिथल्याच रायफलीवर. घरी माझी जुनी, नळी मोडून भरायची, ०.१७७ इंची छर्‍याची एअर रायफल आहे. रविवारी आम्ही बापलेक शेतात तिच्यावर कागदी टार्गेट मारतो, १० ते २० मीटरवरून. तिचा नेम लवकर बसावा म्हणून स्कोप, म्हणजे रायफलीवर लावायची दुर्बीण, घ्यावा म्हणतो. दुकानदार ३-९×४० (३ ते ९ पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं) दाखवतो आणि म्हणतो, जितकं मोठं दिसेल तितकं चांगलं. ६ हजारांपर्यंत जमेल. कोणता घेऊ?
— एक पालक, कागल

उत्तर : दादा, तुमच्या पत्रात दोन रायफली आहेत आणि दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. आधी लेकीचं सांगते.

तिच्या सरावासाठी स्कोप घेऊ नका. १० मीटर एअर रायफल असो की ५० मीटर, ऑलिंपिकच्या या प्रकारांत रायफलीवर दुर्बीण लावायला परवानगीच नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निलनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून) कांस्य घेतलं ते पीप साईटवर. आपल्या तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून, ५९७ गुण करून जगज्जेतेपद आणलं, तेही पीप साईटवरच. मागं बारीक भोक, पुढं एक गोल, आणि त्या गोलाच्या मधोमध टार्गेटचा काळा ठिपका. गोलात गोल बसवायचा एवढंच काम, पण ते अंगवळणी पडायला वर्षं जातात. गाल दस्त्यावर रोज त्याच जागी टेकला पाहिजे, डोळा भोकाच्या मध्यावर आला पाहिजे.

स्कोपमध्ये फुली ठिपक्यावर ठेवली की झालं. तिथं हे गोल जुळवणं शिकायलाच मिळत नाही. वर हाताची थरथर मोठी होऊन दिसते. फुली काळ्यावरून सरकताना दिसली की पोर घाईनं ट्रिगर खेचते. मी शिकवलेल्या मुलांत हे पुन्हापुन्हा बघितलंय, आणि ही खोड सोडवायला फार दिवस लागतात. त्या ६ हजारांतले काही तिच्या हातमोज्यावर आणि चांगल्या छर्‍यांवर खर्च करा. १० मीटरच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथं छर्‍याचा दर्जा लगेच कळतो.

आता तुमची रायफल. तिच्यावर स्कोप जरूर लावा, त्यात मजा आहे आणि उपयोगही आहे. कुठला छर्रा तुमच्या नळीला मानवतो हे ठरवायला स्कोपसारखं साधन नाही, कारण डोळ्याची चूक बरीचशी वजा होते. पण मोठं दिसण्याच्या मागं लागू नका. दोन गोष्टी बघा.

पहिली गोष्ट अंतर. मोठ्या रायफलींसाठी केलेले साधे स्कोप बहुतेक १०० यार्डांवर जुळवलेले असतात, म्हणजे साधारण ९१ मीटरवर. तो १० मीटरवर धरला तर चित्र पुसट दिसतं, आणि डोळा जरा हलला की फुली टार्गेटवर सरकते. यालाच पॅरॅलॅक्स म्हणतात. खिडकीच्या गजाकडं एक डोळा मिटून बघा आणि मान डावीउजवीकडं हलवा. गजामागचं झाड सरकल्यासारखं वाटतं ना? तेच. रायफल जागची हललेली नसते, तरी नेम चुकतो. म्हणून ज्याचं पुढचं भिंग फिरवून अंतर जुळवता येतं, तो घ्या. त्याला ‘एओ’ म्हणतात. त्या कड्यावर अंतराचे आकडे असतात, आणि सगळ्यात लहान आकडा १० च्या आसपास पाहिजे. तुम्हाला दाखवलेल्या ३-९×४० वर हे कडं नसेल तर तो परत करा. त्यापेक्षा ‘एओ’ असलेला साधा ४ पटीचा स्कोप तुमच्या शेतात जास्त कामाचा.

दुकानात नुसता लांबच्या पाटीकडं बघून स्कोप पसंत करू नका. दुकानातच दहा-बारा पावलांवर वर्तमानपत्र लावायला सांगा. स्कोप टेबलावर पुस्तकांच्या आधारानं पक्का ठेवा, फुली एका अक्षरावर आणा, हात काढून घ्या आणि फक्त डोळा थोडा वरखाली करा. फुली त्या अक्षरावर राहिली पाहिजे. शेजारच्या शब्दावर गेली तर तो स्कोप तुमच्या अंतराचा नाही.

दुसरी गोष्ट धक्का, आणि इथं मी स्वतः पैसे घालवलेत. तुमच्यासारख्या, नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या रायफलीला दोन झटके असतात. आतला पिस्टन, म्हणजे हवा दाबणारा दट्ट्या, पुढं झेपावतो तेव्हा रायफल मागं सरकते. मग पिस्टन दाबलेल्या हवेवर आदळतो आणि रायफल पुढं ओढली जाते. बंदुकीचा स्कोप मागच्या झटक्यासाठी बांधलेला असतो, पुढचा त्याला सोसत नाही. माझा पहिला स्कोप वडिलांनी घेऊन दिला होता. पहिले दोन आठवडे छर्रे एका नाण्याखाली झाकतील इतके जवळ पडत. मग ते वर चढायला लागले. मी श्वासाला दोष दिला, छर्‍यांचा डबा बदलला, बाबांशी भांडलेसुद्धा. शेवटी त्यांनी रायफल उजेडात आडवी धरली. रायफलीच्या खाचेवर माउंटच्या, म्हणजे स्कोप धरून ठेवणाऱ्या पकडीच्या, पुढं तीन मिलिमीटरचा चकचकीत ओरखडा होता. दर झटक्याला माउंट केसभर मागं सरकत होता. तो घट्ट करेपर्यंत आतली फुलीही तिरकी झाली होती आणि स्कोप वाया गेला. दुकानदारानं हात वर केले. तेव्हापासून माउंट बसवला की त्याच्या मागं पेन्सिलीची बारीक रेघ मारते. ती रेघ झाकली गेली की समजायचं, माउंट सरकला.

म्हणून ‘स्प्रिंगच्या एअर रायफलीला चालेल’ असं कंपनीनं स्पष्ट लिहिलेलाच स्कोप घ्या. माउंट एका तुकड्याचा आणि खाली अडवणारी पिन असलेला घ्या. ती पिन रायफलीवरच्या भोकात बसते. भोक नसेल तर मागं वेगळा अडसर लावता येतो. एअर रायफलीची खाच बहुतेक ११ मिलिमीटरची असते, तरी घरून मोजून जा. रुंद पट्टीचा माउंट तिच्यावर बसत नाही. ६ हजारांतले हजार-दीड हजार माउंटला गेले तरी हळहळू नका.

बसवल्यावर नेम असा जुळवा. रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवा, पण दाबून धरू नका, सैल हातात राहू द्या. पाच छर्रे मारा आणि त्यांचा मध्य काढा. स्कोपवर ‘पाव एमओए’ (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) लिहिलं असेल तर १० मीटरवर एक क्लिक, म्हणजे नेम सरकवायच्या बटणाचा एक टप्पा, म्हणजे पाऊण मिलिमीटरहून थोडं कमी. छर्रे १ सेंटिमीटर खाली पडत असतील तर वर १४ क्लिक. २० मीटरवर तेवढ्यालाच ७ पुरतात. स्कोप नळीच्या वर तीन-चार सेंटिमीटर असतो आणि छर्रा खाली वाकत जातो. त्यामुळं दोन्ही अंतरांवर तो एकाच जागी लागणार नाही. दोन्हीकडचे क्लिक वहीत लिहून ठेवा.

शेतात टार्गेटमागं नुसता बांध किंवा उसाचं पीक असेल तर ते आजच बदला. लाकडी पेटीत गोधडीच्या चिंध्या ठासून भरा आणि मागं जाड लोखंडी पत्रा लावा. लेकीच्या आणि तुमच्या, दोघांच्या डोळ्यांवर चष्मा हवाच.

प्रश्न : स्कोपमधून टार्गेट स्वच्छ दिसतं, पण फुली पुसट. डोळ्याचा नंबर वाढला असेल का?
— इचलकरंजीहून एक वाचक

उत्तर : डोळ्याच्या डॉक्टरांकडं जाण्याआधी स्कोपचं मागचं, डोळ्याकडचं कडं फिरवून बघा. ते तुमच्या नजरेसाठीच असतं. रायफल रिकामी करा, स्कोप उतरवून हातात घ्या आणि सूर्याकडं पाठ करून मोकळ्या आभाळाकडं धरा. सूर्याकडं चुकूनही नाही. दोन-तीन सेकंद बघा, डोळा बाजूला घ्या, कडं थोडं फिरवा, पुन्हा बघा. एकटक बघत राहिलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. नजर टाकल्याटाकल्या फुली काळी, रेखीव दिसली की थांबा. चष्मा लावून नेम धरत असाल तर हे सगळं चष्मा लावूनच करा.