एवढा लॉस भरून निघू दे, मग बंद

"मॅडम, माझ्या पाटल्या मोडून ह्यांना पैसे देऊ का? गेलेले भरून निघाले की बंद करतो म्हणतात."

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या घरोघरच्या बायका, आईवडील हेच विचारतात. या वेळी विचारणारीचा नवरा औषध कंपनीत प्रतिनिधी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) टेलिग्रामवरच्या कुणा 'सरां'च्या नादाने तो परदेशी अ‍ॅपवर युरो-डॉलरचे सौदे करायला लागला होता. लिव्हरेज १:५००, म्हणजे खिशातल्या एका रुपयावर पाचशेचा सौदा.

व्यसनी म्हटलं की माणूस गप्प बसतो, म्हणून मी त्याच्यापुढे कागद सरकवला. म्हटलं, मला शिकवा. त्याने मांडलं: हजार रुपयांवर पाच लाखांचा सौदा. मग भाव किती उलटा हलला की हजार संपतात? भागाकार त्यानेच केला. ०.२ टक्के.

"एवढं तर रोजच हलतं," तो म्हणाला. दिशा बरोबर ओळखूनही तो आधीच साफ का व्हायचा, ते त्याला तिथे दिसलं.

शिवाय फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे भारतात राहणाऱ्याला असल्या अनधिकृत अ‍ॅपवर परकीय चलनाचे सौदे करता येत नाहीत. रिझर्व्ह बँक त्यांची सावधयादीही काढते. आपल्या एक्स्चेंजवर डॉलर-रुपयाचं फ्युचर, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवणारा करार, असतं: एक लॉट, म्हणजे एका सौद्याचा ठरलेला आकार, १,००० डॉलरचा, दहा पैसे हलले की शंभर रुपये इकडचे तिकडे. पण तेही परकीय चलनात खरोखर देणं-घेणं असलेल्यांसाठी, म्हणजे आयातदार-निर्यातदारांनी भाव आजच बांधून ठेवावा म्हणून.

"मग निफ्टीचं फ्युचर करतो, ते तरी कायदेशीर आहे!" आहे. पण तिथेही तोटा रोजच्या रोज खात्यातून वळता होतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा हिशेब काढला, तेव्हा शेअर बाजाराच्या फ्युचर-ऑप्शनमध्ये १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले. आता तोही यांच्यातच उतरणार होता, तोही झोप उडालेली असताना, उसन्या पैशांवर.

तिला मी स्पष्ट 'नाही' सांगितलं. हरलेलं परत मिळवायला पुन्हा डावात उतरणं हे जुगाराच्या व्यसनाचं निदान करताना आम्ही तपासतो त्यातलं एक ठळक लक्षण. पैसे दिले की तेच लांबतं. द्यायचेच असतील तर थेट सावकाराला, त्याच्या हातात नाही.

कर्जांची यादी दोघांनी मिळून केली. लोन अ‍ॅपची दोन कर्जं तिला तेव्हाच कळली. झोपेसाठी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. हल्ली पगार जमा झाला की तो तिच्या खात्यावर वळवतो. त्याला ते अजिबात आवडलेलं नाही.